गप्प न पडणारा संगणक: लिनक्सवर मराठी आवाज बसवताना

माझ्या मावशीनं छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. काचबिंदूनं नजर गेली, तेव्हा तिनं मला एकच गोष्ट विचारली, "आता पेपर कोण वाचून दाखवणार गं?" घरात एक जुना लॅपटॉप पडून होता, चार जीबी मेमरीचा. त्यावर उबुंटू ही लिनक्सची फुकट मिळणारी प्रणाली टाकली, मराठी वाचणारा आवाज चालू केला आणि तिच्या बोटांना दहा-बारा कळा शिकवल्या. पैसे लागले नाहीत. एक रविवार गेला, आणि नंतरच्या दोन महिन्यांत बरेच फोन झाले.

त्या फोनांमधून मला जे कळलं, ते इथे आधीच सांगते. आवाज यांत्रिक आहे, गोड नाही, याची सवय माणसाला आठवड्याभरात होते. पण ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासमोर संगणक मध्येच गप्प झाला, तर त्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून आवाज कसा बसवायचा याच्या बरोबरीनं, गेलेला आवाज परत कसा आणायचा हेही पहिल्याच दिवशी शिकायचं आणि शिकवायचं.

खालचं सगळं उबुंटू २४.०४ समोर ठेवून लिहिलं आहे. डेबियन किंवा फेडोरा ही लिनक्सची दुसरी रूपं वापरत असाल तर खिडक्यांची मांडणी थोडी वेगळी दिसेल, गाभा तोच.

आत काय काय चालतं

तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. कुठे अडलं तर नेमकं कुठे अडलं हे कळावं म्हणून ती ओळखून ठेवा.

पहिलं ऑर्का. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर काय आहे ते बघणारा. कोणत्या बटणावर आहात, खिडकीचं नाव काय, ओळीत काय लिहिलंय, हे तो ठरवतो. दुसरं स्पीच डिस्पॅचर. हा मधला माणूस: ऑर्काकडून मजकूर घ्यायचा आणि योग्य त्या आवाजाकडे द्यायचा. तिसरं ईस्पीक एनजी, म्हणजे खरोखर बोलणारं यंत्र.

ईस्पीकची मुळं १९९५ सालातली. जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएस संगणकांसाठी ते लिहायला घेतलं, पुढे ते लिनक्सवर आलं आणि २०१५च्या अखेरीपासून रीस डन यांनी ईस्पीक एनजी या नावानं त्याची नवी शाखा पुढे नेली. शंभराहून अधिक भाषा त्यात आहेत आणि मराठी त्यातलीच एक. यात कुणा माणसाचा आवाज रेकॉर्ड करून तुकडे जोडलेले नाहीत. घसा आणि तोंड यांतून ध्वनी कसा घडतो, त्याचं गणित करून आवाज तयार होतो. म्हणूनच तो धातूसारखा वाजतो, आणि म्हणूनच तो अगदी हलका आहे: जुन्या यंत्रावरही कळ दाबताक्षणी बोलतो. स्क्रीन रीडरसाठी हा ताबडतोबपणा गोडव्याहून फार मोलाचा आहे. कळ दाबल्यावर अर्ध्या सेकंदानं उत्तर आलं, तर ऐकणारा तोवर पुढची कळ दाबून मोकळा झालेला असतो.

पहिलं पाऊल: आवाज चालू करा

उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर ही तिन्ही सॉफ्टवेअर आधीपासून असतात. ऑल्ट, सुपर आणि एस या तीन कळा एकत्र दाबा. सुपर म्हणजे ज्या कळेवर बहुतेक लॅपटॉपवर विंडोजचं चिन्ह असतं ती. दाबल्यावर ऑर्का सुरू झाल्याचं इंग्रजीत बोलेल. पुन्हा त्याच तीन कळा दाबल्या की बंद. माउसनं करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी या पानावर जा. स्क्रीन रीडरचा खटका तिथेच सापडेल.

काहीच ऐकू आलं नाही, तर ऑर्काला दोष देण्याआधी सेटिंग्जमधल्या साउंड पानावर जाऊन स्पीकरची चाचणी घ्या. आवाज म्यूट असणं किंवा तो टीव्हीच्या केबलकडे वळवलेला असणं, हे फार वेळा होतं.

लॉगिनचा पडदा ही वेगळी जागा आहे. तुम्ही आत शिरल्यावर ऑर्का चालू होतो म्हणून पासवर्ड विचारतानाही तो बोलेलच असं नाही. त्या पडद्यावर असताना त्याच तीन कळा दाबून तिथला वाचक वेगळा चालू करावा लागतो. हे विसरलं की न दिसणाऱ्या माणसाला स्वतःचा संगणक स्वतः उघडता येत नाही.

लिनक्स टाकण्यापासूनच डोळ्यांशिवाय सगळं करायचं असेल तर डेबियन चांगलं. इन्स्टॉलर सुरू झाल्यावर एस ही कळ दाबून एंटर मारलं, की पुढची सगळी प्रक्रिया तो बोलून दाखवतो.

दुसरं पाऊल: मराठी आवाज ऐकून पाहा

आता टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी लागेल: कंट्रोल, ऑल्ट आणि टी. मी मावशीला फोनवरून आज्ञा सांगते, तशाच इथे अक्षर-अक्षर लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या. "स्पेस" म्हणजे मोकळी जागा, "डॅश" म्हणजे छोटी आडवी रेघ.

स्पीच डिस्पॅचरची चाचणी अशी: एस पी डी डॅश एस ए वाय, स्पेस, डॅश एल, स्पेस, एम आर, स्पेस, आणि मग दुहेरी अवतरणचिन्हांत कोणतंही मराठी वाक्य. इथला एल इंग्रजी "लँग्वेज"मधला, आणि एम आर ही मराठीची खूण. ही खूण लक्षात ठेवा, ती सगळीकडे चालते.

वाक्य टाइप करायला मराठी कळफलक हवा. सेटिंग्जमधल्या कीबोर्ड पानावर इनपुट सोर्सेस या यादीत मराठी जोडा. शाळेत किंवा सरकारी टायपिंगच्या क्लासमध्ये इनस्क्रिप्ट शिकलेल्यांनी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट घ्यावा. रोमन उच्चारावरून टाइप करणाऱ्यांसाठी कगप फोनेटिक आहे. सुपर आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

ईस्पीकशी थेट बोलायचं असेल तर त्याची स्वतंत्र आज्ञा बसवून घ्या: एस यू डी ओ, स्पेस, ए पी टी, स्पेस, आय एन एस टी ए एल एल, स्पेस, ई एस पी ई ए के डॅश एन जी. पासवर्ड विचारेल. तो टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, तसंच टाइप करून एंटर मारा. फेडोरावर ए पी टीच्या जागी डी एन एफ.

मग ही आज्ञा द्या: ई एस पी ई ए के डॅश एन जी, स्पेस, डॅश व्ही, स्पेस, एम आर, स्पेस, डॅश एस, स्पेस, 130, स्पेस, आणि अवतरणात वाक्य. व्ही म्हणजे आवाज, एस म्हणजे वेग. वेग दर मिनिटाच्या शब्दांत मोजतात आणि काही सांगितलं नाही तर तो १७५ असतो. नव्या कानाला १७५ म्हणजे घाई वाटते. १३०वर सुरुवात करा, दर आठवड्याला दहा-दहा वाढवा. मावशी आता २२०वर पेपर ऐकते आणि मला त्यातलं निम्मंच कळतं. डॅश पी देऊन ० ते ९९ मधला आकडा दिलात तर आवाजाची पट्टी बदलते, मधली ५०. एम आरला चिकटून अधिक चिन्ह आणि एफ 2 लिहिलंत तर बाईसारखा आवाज मिळेल.

तिसरं पाऊल: मराठी कानानं तपासा

इथे घाई करू नका. यंत्र मराठी बोलतं म्हणजे मराठी कळून बोलतं असं नाही, आणि कुठे चुकतं हे माहीत असलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

पहिली चाचणी च आणि झ यांची. आपण "चार" म्हणताना जीभ टाळूला लावतो आणि "चारा" म्हणताना दातांजवळ नेतो, पण लिहिताना च एकच. "माझा"मधला झ वेगळा आणि "माझी"मधला वेगळा. शाळेत हे कुणी नियम म्हणून शिकवत नाही, आईच्या बोलण्यातून ते आपोआप येतं. यंत्रापुढे मात्र फक्त अक्षर असतं. त्याला हे वाक्य द्या: "पाच चोर चारा घेऊन चिंचेच्या झाडाखाली बसले." आणि कोणता च कुठे कसा लागतो ते ऐका.

दुसरी चाचणी शब्दाच्या शेवटच्या अनुस्वाराची. "केलं", "झालं", "पुस्तकं" हे शब्द आपण नाकात बोलत नाही, शेवटचा अ जरा लांबवतो इतकंच. "संवाद", "सिंह", "संयम" यांतला अनुस्वार प्रत्येक वेळी निराळा. "अंक" आणि "अंत" यांत तर साधा अनुस्वारही दोन वेगळे आवाज देतो. हे सगळे शब्द एका ओळीत लिहून ऐकवा.

तिसरी चाचणी आकड्यांची, कारण बँकेचा मेसेज ऐकताना तीच कामाला येते. २९, ७९, ८९ हे आकडे द्या. मग १२,५०,००० लिहून बघा; "बारा लाख पन्नास हजार" असं सरळ येतं का, की स्वल्पविरामापाशी तुकडे पडतात. तोच आकडा इंग्रजी (1, 2, 3) अंकांतही देऊन बघा, कारण पैशांचे आकडे बहुतेक ठिकाणी तसेच येतात.

रोमन लिपीतला शब्द मराठी वाक्यात आला तर मराठी आवाज तो इंग्रजी उच्चारांनी वाचतो. त्यामुळे ईमेलचे पत्ते, संकेतस्थळांची नावं यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

चौथं पाऊल: ऑर्काला मराठीवर आणा

ऑर्काची स्वतःची एक कळ असते. मोठ्या कीबोर्डवर ती इन्सर्ट. लॅपटॉपची मांडणी निवडली तर कॅप्सलॉक. पुढे "ऑर्का कळ" म्हटलं की हीच समजा. ऑर्का कळ आणि स्पेस दाबल्यावर त्याच्या पसंतींची खिडकी उघडते. लॅपटॉप असेल तर जनरल पानावर आधी लॅपटॉप मांडणी निवडा; छोट्या कीबोर्डवर इन्सर्ट शोधण्यात नव्या माणसाचा दम जातो.

आता व्हॉइस पान. सिंथेसायझर म्हणून ईस्पीक एनजी निवडा आणि भाषा मराठी. वरच्या बाजूला आवाजाचे चार प्रकार दिसतील: नेहमीचा, मोठ्या अक्षरांचा, दुव्यांचा आणि सिस्टिमचा. नेहमीचा आणि दुव्यांचा मराठी करा. सिस्टिमचा आवाज ऑर्काच्या स्वतःच्या सूचनांसाठी असतो, "बटण", "चेकबॉक्स" वगैरे. डेस्कटॉप इंग्रजीत असेल तर हा इंग्रजीच राहू द्या. त्याचा मोठा फायदा म्हणजे मजकूर कोणता आणि यंत्राची सूचना कोणती, हे आवाजावरूनच कळतं. मावशीला हा फरक दोन दिवसांत इतका सवयीचा झाला की तो काढून टाकल्यावर तिनं लगेच तक्रार केली.

स्पीच पानावर विरामचिन्हं किती बोलायची ते ठरवा. सुरुवातीला कमीत कमी. प्रत्येक स्वल्पविराम मोठ्यानं वाचला, तर कथेचा जीव जातो. एको पानावर शब्दागणिक बोलण्याची सोय आहे, ती चालू करा. मराठी टाइप करताना प्रत्येक काना-वेलांटी सुटी ऐकण्यापेक्षा पूर्ण शब्द ऐकलेला लवकर कळतो आणि चूकही लगेच पकडता येते.

कळा शिकवताना सगळ्यात आधी ऑर्का कळ आणि एच. त्यानं शिकण्याची अवस्था सुरू होते: कोणतीही कळ दाबा, ती काय करते ते ऑर्का सांगतो, प्रत्यक्षात काही करत नाही. एस्केप दाबलं की बाहेर. माणूस यात निर्धास्तपणे तासभर बोटं फिरवू शकतो. पुढची कळ म्हणजे सलग वाचन: मोठ्या कीबोर्डवर नुसतं आकड्यांच्या बाजूचं अधिक चिन्ह, लॅपटॉपवर ऑर्का कळ आणि अर्धविराम. वाचन थांबवायला कंट्रोल.

पाचवं पाऊल: आवाज गेला तर

हा भाग वाचून दाखवा, पाठ करून घ्या, घरातल्या आणखी एकाला तरी शिकवा.

आधी कंट्रोल दाबून बघा, मग बाण-कळ. तरी शांत? ऑर्का कळ आणि एस दाबा. या जोडीनं बोलणं बंद-चालू होतं आणि टाइप करताना ती चुकून दाबली जाते. मावशीच्या पहिल्या पाचांपैकी तीन फोन याच कारणाचे होते.

त्यानंही काही झालं नाही, तर ऑल्ट-सुपर-एस एकदा दाबा, पाच आकडे मोजा, पुन्हा दाबा. ऑर्का बंद होऊन नव्यानं उठतो.

अजूनही शांत असेल, तर बहुधा मधला माणूस, स्पीच डिस्पॅचर, अडकलेला असतो. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा आणि न बघता टाइप करा: के आय एल एल ए एल एल, स्पेस, एस पी डबल ई सी एच डॅश डी आय एस पी ए टी सी एच ई आर, एंटर. त्यानंतर वरच्यासारखं ऑर्का बंद-चालू. डिस्पॅचर गरज लागली की आपोआप परत सुरू होतो, त्यामुळे त्याला असं घालवण्यात धोका नाही. एवढं लांब नाव अंधारात टाइप करणं अवघड आहे, म्हणून मी सेटिंग्जमधल्या कीबोर्ड पानावर स्वतःचा शॉर्टकट तयार करून ही आज्ञा एफ १२वर बसवली. आता मावशी एफ १२ दाबते, मग ती तीन कळांची जोडी दोनदा, आणि संगणक बोलू लागतो. त्या दिवसापासून तिचे घाबरलेले फोन थांबले.

सहावं पाऊल: वाचायला मजकूर मिळवा

फायरफॉक्समध्ये बातमी उघडून कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबा. जाहिराती आणि बाजूच्या चौकटी गळून नुसता लेख उरतो. त्याच दृश्यात ऐकण्याचं बटणही असतं, पण ऑर्का चालू असताना दोन आवाज एकमेकांवर चढतात, तेव्हा एकच वापरा.

मराठीत खरी अडचण जुन्या फाइलींची आहे. कितीतरी पीडीएफ आणि दस्तऐवज श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, युनिकोडच्या (आज सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये आहेत. डोळ्यांना तिथे मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि यंत्र तीच वाचतं. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज बिघडला. ओळखण्याची खूण सोपी: मजकूर निवडा, कॉपी करा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. रोमन कचरा आला तर फाँट जुना. अशा मजकुराला युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन लागतं.

स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी टेसरॅक्ट आहे, चित्रातून अक्षरं ओळखणारं. वर सांगितलेल्या बसवण्याच्या आज्ञेत शेवटी टी ई एस एस ई आर ए सी टी डॅश ओ सी आर डॅश एम ए आर लिहिलं की मराठीची माहिती बसते. लक्षात घ्या, ईस्पीकला मराठी म्हणजे एम आर, टेसरॅक्टला एम ए आर. पान सरळ, उजेड सारखा आणि अक्षर स्वच्छ असेल तर निकाल वाचण्याजोगा येतो. जुन्या छपाईत जोडाक्षरं मात्र हमखास फुटतात, एकदा नजर फिरवून दुरुस्त करणारं माणूस हवंच.

मिळालेला मजकूर फाइलमध्ये ठेवून ईस्पीकच्या आज्ञेत डॅश एफ आणि त्या फाइलचं नाव, पुढे डॅश डब्ल्यू आणि ज्यात साठवायचं त्या ध्वनीफाइलचं नाव दिलं, की वेव्ह फाइल तयार. ती पेनड्राइव्हवर घालून रेडिओला लावता येते. मावशी दुपारी आडवी पडून अशीच ऐकते.

लांबलचक ऐकण्यासाठी जास्त माणसासारखा आवाज हवा असेल तर पर्याय आहेत. फेस्टिव्हल या जुन्या यंत्रणेसाठी डेबियन आणि उबुंटूत मराठी पुरुषी आवाजाचं पॅकेज मिळतं. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत या गटाच्या इंडिक टीटीएस (मजकुराचा आवाज करणाऱ्या) प्रारूपांत मराठी आहे. मेटा या फेसबुकच्या कंपनीनं २०२३मध्ये ११००हून अधिक भाषांसाठी खुली केलेली प्रारूपं मराठीही बोलतात, फक्त ती व्यापारी कामाला वापरता येत नाहीत. शेवटच्या दोन्हींसाठी पायथन बसवणं, मोठ्या फाइली उतरवणं, हे सगळं आलं. माझं मत असं की नवख्यानं आधी महिनाभर ईस्पीकवर काढावा आणि मगच तिकडे वळावं. रोजच्या वापरात पडदा वाचायला तर ईस्पीकच ठेवा.

चुकणारे शब्द सुधारणं

ऑर्काच्या पसंतींत उच्चारांचं एक पान आहे. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे तो कसा वाचावा. गावांची, माणसांची, औषधांची नावं इथे घालायची. उजवीकडचं लेखन शुद्ध असण्याची गरज नाही, कानाला बरोबर लागेल असं लिहा.

पण ही दुरुस्ती तुमच्या संगणकापुरती. ईस्पीकचं मराठी सगळ्यांसाठी सुधारायचं तर त्याचे उच्चारनियम गिटहब या खुल्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर उघडे आहेत, साध्या मजकुराच्या दोन फाइली: एकीत सर्वसाधारण नियम, दुसरीत अपवादाचे शब्द. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चूक नोंदवता येते. नोंदवताना चार गोष्टी द्या: शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, यंत्र काय म्हणतं आणि मराठी माणूस काय म्हणतो. ईस्पीकची आवृत्तीही लिहा, ती आज्ञेपुढे दोन डॅश आणि "व्हर्जन" रोमनमध्ये लिहून कळते. मावशीनं अशी एक फाइल स्वतः टाइप करून ठेवली आहे, दर रविवारी त्यात भर पडते. आत्तापर्यंत एकतीस शब्द झालेत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त च आणि झ यांचेच आहेत.